करवीरातील वारसा-व्यवहाराचे वकील : एका व्यवसायाची पूर्वपीठिका

मराठी राजव्यवहारात ‘वकील’ हा शब्द न्यायालयातील पक्षप्रतिनिधीचा वाचक नव्हता. पेशव्यांच्या दरबारी निजामाचा वकील असे, नागपूरकरांचा असे. त्याचे काम राजकारणाचे. वतन, वाटणी आणि दत्तक यांचे तंटे गोतसभेपुढे अथवा पंचांपुढे चालत. तेथे वादी-प्रतिवादी आपापला करीना स्वतः सांगत, साक्षी-पुरावे होत, आणि अखेरीस महजर किंवा निवाडपत्र लिहिले जाई. दुसऱ्याच्या वारसाहक्काविषयी मोबदला घेऊन बोलणारा मनुष्य हा या व्यवस्थेत कोठेच बसत नव्हता. मुंबई इलाख्यात १८२७ च्या नियमावलीने सनदी वकिलास निश्चित स्थान दिले. कोल्हापूर संस्थान ब्रिटिश मुलखाबाहेर असले, तरी १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर त्याच्या कारभारावर ब्रिटिशांची देखरेख आली आणि इलाख्यातील न्यायपद्धती हळूहळू येथेही रुजली. महादेव गोविंद रानडे यांनी १८६० नंतरच्या दशकात काही काळ येथे न्यायाधीशाचे काम केले, ही गोष्ट या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे.

वारसाहक्काचा स्वतंत्र वकीलवर्ग मात्र कोल्हापुरात कधीच निर्माण झाला नाही. याचे एक कारण कायद्यातच आहे. मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाने दिलेला दाखला, म्हणजे प्रोबेट, हिंदूंच्या बाबतीत १८७० च्या अधिनियमाने आवश्यक ठरविला, तो बंगालपुरता आणि मुंबई व मद्रास या शहरांपुरता. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमातही ही सक्ती याच प्रदेशांपुरती राहिली. मुंबईत त्यामुळे प्रोबेटच्या कामावर चालणाऱ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या. करवीरात संपत्ती म्हणजे बहुतांशी जमीन, वतन आणि इनाम. तंटा मृत्युपत्राचा क्वचित, दत्तकाचा आणि वाटणीचा नेहमीचा. असे तंटे चालविणारा वकील कोणत्या व्यवसायातून आला होता, यावर तो न्यायालयापुढे कोणता पुरावा ठेवील हे पुष्कळदा अवलंबून असे. म्हणून त्याच्या पूर्वव्यवसायाचा शोध केवळ कुतूहलाचा ठरत नाही.

प्रारंभी हे ज्ञान शास्त्र्यांचे होते. इलाख्यातील अदालतींना शास्त्री जोडलेले असत व न्यायाधीशाने विचारलेल्या प्रश्नावर ते व्यवस्थापत्र देत. १८६४ साली ही पदे रद्द झाली. परंतु वेस्ट आणि ब्यूलर यांनी याच शास्त्र्यांच्या उत्तरांवरून आपला हिंदू कायद्याचा संग्रह रचला व त्याचा पहिला भाग १८६७ मध्ये प्रसिद्ध केला. शास्त्री गेले, त्यांची उत्तरे राहिली. यापुढे वकिलाला संस्कृत येणे अपरिहार्य नव्हते. तरीही शब्दार्थाचा वाद संपला नाही. ‘सपिंड’ या शब्दातील पिंड म्हणजे श्राद्धाचा पिंड की शरीर? विज्ञानेश्वराने मिताक्षरेत शरीर हा अर्थ घेतला, बंगालच्या दायभागाने श्राद्धपिंड घेतला, आणि एवढ्या एका अर्थभेदाने वारसांचा क्रम बदलला. पतीची स्पष्ट अनुज्ञा नसताना विधवेने घेतलेला दत्तक महाराष्ट्रात ग्राह्य आणि बंगालात अग्राह्य, हाही वसिष्ठाच्या एका वचनाच्या भिन्न अर्थांचाच परिणाम होय.

शास्त्र्यांची जागा भरून काढणारी पिढी प्रामुख्याने शाळा आणि सरकारी कचेऱ्या यांतून आली. विश्वनाथ नारायण मंडलिक (१८३३–१८८९) यांनी शिक्षणखात्यासह निरनिराळ्या खात्यांत नोकरी केल्यावर वकिली पत्करली, आणि १८८० मध्ये व्यवहारमयूख व याज्ञवल्क्यस्मृती यांचे इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. त्या ग्रंथात त्यांनी प्रत्यक्ष चालीरीतींची माहिती जोडली, हे नोकरीत गावोगाव हिंडलेल्या माणसासच सुचावे. पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) हे रत्नागिरी व मुंबई येथे शाळेत संस्कृत शिकवीत. पुढे ते उच्च न्यायालयात वकिली करू लागले आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचे खंड त्यांनी १९३० ते १९६२ या काळात लिहिले. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनीही आधी अहमदाबादेस अध्यापन केले, मग ऑक्सफर्डला कायद्याचा अभ्यास केला. पडदानशीन विधवांच्या मिळकतींचे काम त्यांनी बंगालात अनेक वर्षे पाहिले. स्त्रियांना वकिलीचा अधिकार मात्र १९२३ च्या अधिनियमाने मिळाला.

कोल्हापूरशी निगडित असा या क्षेत्रातील सर्वांत गाजलेला वाद ताईमहाराज प्रकरणाचा. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ मध्ये वारले. त्यांच्या मृत्युपत्रानुसार बाळ गंगाधर टिळक आणि अमरावतीचे वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांच्यासह काही विश्वस्त नेमले गेले. जून १९०१ मध्ये औरंगाबादेस जगन्नाथ यास दत्तक घेण्यात आले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ताईमहाराजांनी कोल्हापूरच्या बाळामहाराजांना दत्तक घेतले. प्रोबेट रद्द करण्याचा अर्ज, टिळकांवरील फौजदारी खटला, दिवाणी दावा, अपिले, असा हा वाद १९१५ पर्यंत चालला व प्रिव्ही कौन्सिलने जगन्नाथचा दत्तक मान्य केला. टिळक कायद्याचे पदवीधर; न्यायालयात वकिली त्यांनी केली नाही, परंतु वकिलीच्या परीक्षांसाठी पुण्यात वर्ग मात्र चालविला. ज्याने इतरांना वकील केले, त्यालाच एका मिळकतीपायी चौदा वर्षे पक्षकार म्हणून न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या!

या साऱ्या वृत्तान्तात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. शास्त्री, शिक्षक, कारकून यांपैकी कोणत्याही वाटेने वकिलीत येणाऱ्यास आधी अक्षरविद्येची वाट खुली असावी लागे. छत्रपती शाहू महाराजांनी नेमके येथेच बोट ठेवले. १९१८ मध्ये त्यांनी कुलकर्णी वतने रद्द केली, आणि १९२० च्या सुमारास अस्पृश्य समाजातील काही व्यक्तींना वकिलीच्या सनदा दिल्या. ‘सनद’ हा शब्द येथे विचार करण्यासारखा आहे. वतन व इनाम ज्या कागदाने मिळे तीही सनद, आणि वकिली करण्याचा परवाना तीही सनदच. गावचे दप्तर पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या हाती होते त्यांचे वतन एका हाताने काढून, त्याच दप्तरावरून लढल्या जाणाऱ्या दाव्यांत उभे राहण्याचा अधिकार दुसऱ्या हाताने दप्तराबाहेरच्या माणसास दिला गेला. सनद दिल्याने पक्षकार मिळतात असे नव्हे, हा आक्षेप खरा आहे. पण तो आक्षेप नव्या पदवीधरालाही तितकाच लागू पडतो.

या निर्णयाचे महत्त्व वारसाहक्काच्या संदर्भात विशेष होते, कारण त्या काळी वारसा वर्णावरून ठरे. शूद्राच्या अनौरस पुत्रास पित्याच्या मिळकतीत वाटा होता, द्विजाच्या अनौरस पुत्रास केवळ पोटगी. १८९९ नंतर करवीरात पेटलेला वेदोक्ताचा वाद धार्मिक विधीचा म्हणून ओळखला जातो. परंतु मराठे क्षत्रिय की शूद्र, हा प्रश्न १९२८ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे सुबराव विरुद्ध राधा या दाव्यात आला, तो मिळकतीच्या वाट्यापायी. महाराजांनी १९२० मध्येच अनौरस संतती आणि जोगतिणी यांच्या वारसाहक्कासंबंधी कायदा केला होता. त्याच वर्षी मार्चमध्ये कागल जहागिरीतील माणगावच्या परिषदेस महाराजांसह उपस्थित असलेले भीमराव रामजी आंबेडकर हे तोपर्यंत अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. वकिली त्यांनी १९२३ मध्ये सुरू केली. पुढे विधिमंत्री या नात्याने त्यांनी ज्या हिंदू संहितेचा पाठपुरावा केला व जी रखडल्याने १९५१ मध्ये पदत्याग केला, तिचा वारसाविषयक भाग १९५६ साली हिंदू उत्तराधिकार अधिनियम म्हणून संमत झाला. त्याने वर्णाचा प्रश्न वारसादाव्यांतून काढून टाकला. मुलींना जन्मतः सहदायिकत्व महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने लाभले.

कोल्हापुरातच कायद्याची पदवी घेण्याची सोय १९३३ मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाने केली; हेच पुढे शहाजी विधी महाविद्यालय झाले. तोपर्यंत पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, आणि ते ज्याच्या घरी झेपे तोच पदवीधर वकील होई. १९४९ मध्ये संस्थान विलीन झाल्यावर येथील अपिले मुंबईस जाऊ लागली. ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरास बसले व सहा जिल्ह्यांची कामे त्याच्याकडे आली. दाव्यांसोबत येणारी जुनी दत्तकपत्रे, वाटणीपत्रे आणि सनदा अनेकदा मोडीत असतात. ती वाचून बालबोधीत उतरवून देणारा जाणकार बहुधा वकील नसतो. त्याच्या कामास सनद लागत नाही.