सोबतीची परिचर्या (वृद्धनिवासातील)

वृद्धाश्रमात किंवा साहाय्यित निवासात राहणाऱ्या एकाच व्यक्तीसाठी, संस्थेच्या नेहमीच्या सेवेखेरीज, नेमलेल्या माणसाने करावयाची देखभाल. पुण्यामुंबईकडे ती नर्सिंग ब्युरोमार्फत 12 किंवा 24 तासांच्या पाळीने मिळते. करणाऱ्याला ‘मावशी’ किंवा ‘मामा’ म्हणतात. खर्च बहुधा कुटुंबच सोसते.

बुलढाणा जिल्ह्यात अशी पगारी सोय तुरळकच. हे काम बहुतांशी सून, लेक किंवा शेजारीण करते. चिखली तालुक्यातील पळसखेड सपकाळ येथील सेवासंकल्प प्रतिष्ठान बेघर मनोरुग्णांना सांभाळते. ते वृद्धनिवास नव्हे, पण नखे काढण्यापासून भरवण्यापर्यंतची सेवा तिथेही माणसागणिकच करावी लागते.

कामाचा कस अंथरुणाला खिळलेल्या रुग्णापाशी लागतो. साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड आणि टाचा रोज पाहायच्या. कातडी लाल दिसली आणि दाबूनही लाली गेली नाही, तर शय्याव्रणाची ती सुरुवात. घाटाखालच्या मलकापूर-शेगाव पट्ट्यात उन्हाळ्यात पाणी घोटाघोटाने, आठवणीने पाजावे लागते. म्हातारपणी तहानेची जाणीव मंदावते. स्मृतिभ्रंश झालेली आजी प्रमाण भाषेतल्या ‘का’ला गप्प राहते, वऱ्हाडी ‘काहून वं?’ला मान वळवते. नेमणूक करताना बोली क्वचितच पाहिली जाते.

2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 निराधार वृद्धांसाठी निवासाची तरतूद आहे. तीही राज्याच्या मर्जीवर. माणशी एक परिचारक द्यावा, असे बंधन त्यात नाही.