स्वस्त प्रवासाचा खर्च कोणी उचलला?

कमी पैशांत महिनोन्‌महिने परमुलखात हिंडण्याची रीत १९६०च्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल असे करत काठमांडूला पोहोचणाऱ्या पाश्चात्त्य तरुणांनी पाडली, असे आपण सहज धरून चालतो. पेण आणि रोहा या रायगडातल्या दोन तालुक्यांकडे पाहिले, की हे मत टिकत नाही. असा प्रवास स्वस्त कसा पडतो, याचाही उलगडा तिथेच होतो. खर्च कुठे जात नाही, तो वाटेतल्या कुणीतरी उचललेला असतो.

पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली काकांबरोबर उत्तरेकडे निघाले, ते घरावरचे कर्ज फिटावे म्हणून. बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आणि दक्षिणा भरपूर मिळणार, अशी वार्ता कोकणापर्यंत आली होती. वाटेत बंडाची खबर लागली, तरी ते मागे फिरले नाहीत. ग्वाल्हेर, झाशी, अयोध्या, काशी हा सारा त्या काळच्या कोकणी माणसाला परमुलूखच. वेदविद्या हीच त्यांची शिदोरी होती. मराठी दरबार असेल तिथे आसरा मिळे, अनुष्ठान असेल तिथे दक्षिणा. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरातच होते. १८५८ मध्ये शहर पडले, लुटालूट झाली आणि जमवलेली पुंजी गेली. घरी परतताना खांद्यावर आई-वडिलांसाठी गंगेची कावड होती. या वाटचालीचा वृत्तांत, ‘माझा प्रवास’, चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापला.

ही यात्रा होती, पोटासाठीची वणवण होती, हिला भटकंती कसे म्हणावे, असा आक्षेप येईल. पण आजचा दीर्घकाळ हिंडणारा प्रवासीही परदेशातल्या मळ्यांत फळे तोडतो, शिकवण्या घेतो आणि त्यावर पुढची वाट चालतो. शिवाय गोडसे यांनी दक्षिणेचा हिशोब लिहून हात झटकले नाहीत. झाशीच्या राणीचा पोशाख, तिची दिनचर्या, शहरांची रीतभात हे सारे त्यांनी डोळे भरून पाहिले आणि लिहिले. दुसरा आक्षेप मात्र खोडता येत नाही. त्यांना उघडलेली दारे जातीमुळे उघडली होती. दुसऱ्या जातीच्या वाटसरूला त्या पंगतीत पान मिळाले नसते, म्हणून त्या व्यवस्थेचे गोडवे गाऊ नयेत.

जात न विचारता दार उघडेल का, हे पाहणारा माणूसही पेण तालुक्यातलाच. गागोद्याला १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा १९५१ पासून भूदानासाठी गावोगाव पायी फिरले आणि सप्टेंबर १९६२ मध्ये पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले. त्यांची कीर्ती त्यांच्या पुढे चालत असे, हे खरे. पण त्याच वर्षी सतीशकुमार आणि ई. पी. मेनन हे दोन अनोळखी तरुण अण्वस्त्रांविरुद्ध दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन, वॉशिंग्टनला निघाले. जवळ पैसा ठेवू नका, हा सल्ला विनोबांचा. पैसा असला की माणूस हॉटेल गाठतो. नसला की परक्याचे दार ठोठावावेच लागते. त्या दोघांना अफगाणिस्तानात, इराणात अन्न मिळाले, ते मुसलमान घरांतून.

रोह्याचे उत्तर याच्या अगदी उलट आहे आणि मला ते अधिक न्याय्य वाटते. तिथे १९२० मध्ये जन्मलेल्या पांडुरंगशास्त्री आठवले यांच्या भक्तिफेरीत, म्हणजे गावोगावी जाऊन लोकांना भेटण्याच्या फेरीत, माणसे भाडे स्वतःचे भरत, जेवण स्वतःचे नेत आणि गावाकडून काही घेत नसत. यामागे धर्मविचार होता, म्हणून हे प्रवासाच्या इतिहासात बसत नाही असे म्हणाल, तर तीर्थयात्रा वगळून आपल्याकडे प्रवासाचा इतिहास उरतो तरी किती? पेणहून, रोह्याहून आज पाठीवर सॅक टाकून परदेशी निघणाऱ्या मुलामुलींनी निघण्याआधी गोडसे यांचे पुस्तक जरूर वाचावे, आणि कुणाच्या घरी फुकट राहायची वेळ आली तर तिथल्या स्वयंपाकाचा आणि भांड्यांचा भार आपणही उचलावा.