फिश टँकचा रिटर्न नोझल कसा बदलायचा? मोजमापापासून टेस्टिंगपर्यंत सगळं

मागच्या उन्हाळ्यात सुट्टीला डोळखांबला घरी गेलो होतो. सकाळी भाचा ओरडत आला, "मामा, मासे वर येऊन तोंड उघडतायत!" पंप तर चालू होता, आवाजही येत होता. पण टँकमधलं पाणी मात्र डबक्यासारखं शांत. अर्ध्या तासाने कारण सापडलं. मागच्या कप्प्यात पंपाच्या पाइपला जोडलेला नोझल तडकला होता. पाणी पुढे टँकमध्ये न येता मागच्या मागेच फिरत होतं.

पार्ट छोटासा, पण तो गेला की सगळी सिस्टीम बंद. म्हणून तो कसा ओळखायचा, कसा मोजायचा आणि कसा बदलायचा, ते नीट बघू.

रिटर्न नोझल म्हणजे काय?

आजकालच्या बऱ्याच छोट्या टँकना मागे एक कप्पा असतो. पुढचं पाणी जाळीतून त्या कप्प्यात जातं, स्पंजमधून गाळलं जातं आणि शेवटी बसवलेला पंप ते परत पुढे ढकलतो. ज्या तोंडातून पाणी परत येतं, तो रिटर्न नोझल.

त्याची कामं दोन. एक, पाणी फिरतं ठेवणं. दुसरं जास्त महत्त्वाचं, पाण्याचा वरचा थर हलवणं. हवेतला ऑक्सिजन पाण्यात मिसळतो तो मुख्यतः या पृष्ठभागावरून. पाणी गरम झालं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो, त्यामुळे मे महिन्यात नोझल बिघडणं जास्त धोक्याचं.

आधी डिबगिंग: दोष नक्की कुठे आहे?

कोड असो की टँक, पार्ट बदलण्याआधी बग शोधा. मागच्या शेवटच्या कप्प्यातली पाण्याची पातळी बघा, ती बरंच सांगते.

- पंपाचा आवाजच नाही: प्लग, स्विच तपासा. नाहीतर पंपातली छोटी पंखी अडकली असेल.
- पंप गुरगुरतोय, मागची पातळी खाली गेलीय: जाळी किंवा स्पंज तुंबलाय, किंवा पाणी उडून कमी झालंय.
- पंप नीट चालतोय, मागची पातळी जवळपास पुढच्याइतकीच, पण पुढे धार नाही: नोझल किंवा पाइप तुंबलाय, निसटलाय किंवा फुटलाय.

आमची केस तिसरी.

नोझल फक्त तुंबला असेल तर बदलायची गरज नाही. बोअरच्या जड पाण्याने त्यावर पांढरा थर बसतो. काढून तासभर व्हिनेगरमध्ये ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा, साध्या पाण्याने भरपूर धुवा. साबण अजिबात नको.

माप घेणं: इथेच सगळे फसतात

दुकानात "अर्धा इंची द्या" म्हटलं की घोळ होतो. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिमी, पण अर्धा इंची पाइपचं बाहेरचं माप तेवढं नसतं. सीपीव्हीसी पाइप बाहेरून 15.9 मिमी भरतो, तर साधा पीव्हीसी कुठल्या स्टँडर्डचा आहे त्यावर 20 किंवा 21.3 मिमी. नावावर जाऊ नका, मोजा.

व्हर्नियर कॅलिपर नसेल तर कागदाची पट्टी पाइपभोवती एकदा गुंडाळा, जिथे टोक येईल तिथे खूण करा आणि लांबी 3.14 ने भागा. 50 मिमी आली तर पाइप साधारण 16 मिमीचा. फोनमधलं मेझर अ‍ॅप इथे नको, मिलिमीटरच्या कामाला ते भरवशाचं नाही. फोन वापरा तो फोटो काढायला. खोलण्याआधी तीन बाजूंनी फोटो काढून ठेवा आणि जुना तुकडा दुकानात घेऊन जा.

तोंडाची रुंदीही बघा. 12 मिमीऐवजी 8 मिमीचं तोंड लावलं तर क्षेत्रफळ निम्म्यापेक्षा कमी होतं. धार जोरात येते, पण एकूण पाणी कमी फिरतं. गप्पी किंवा फायटरसारख्या माशांना तशी जोराची धार झेपत नाही.

गावात पार्ट मिळाला नाही तर?

मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला ॲक्वेरियमचं सामान मिळतं, पण डोळखांबहून एका नोझलसाठी आसनगावला जाऊन लोकल कोण पकडणार? ऑनलाइन मागवला तरी चार दिवस गेले असते. मी शेतीच्या दुकानातून ठिबकचा 16 मिमी पाइप आणि एक एल्बो आणला. पंपाच्या तोंडाला घट्ट बसला आणि काम भागलं. तुमच्या पंपाचं तोंड वेगळं असू शकतं, म्हणून मोजूनच घ्या.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा:

1. पाइप नवाच घ्या. शेतात वापरलेल्या ठिबकमधून खतं आणि औषधं गेलेली असतात. फुकट मिळतोय म्हणून तो लावला तर अख्खा टँक जाईल.
2. पितळी निपल नको. पितळेत तांबं असतं. झिंगे आणि गोगलगायींना ते थोडंही विषारी असतं.

बदलायची पद्धत

1. पंप आणि हीटर दोन्हीचे प्लग काढा, नुसता स्विच बंद करून थांबू नका. चालू हीटर पाण्याबाहेर आला तर काच तडकू शकते.
2. नोझलच्या खाली जाईल एवढंच पाणी स्वच्छ बादलीत काढा. ते फेकू नका, परत तेच भरायचंय. तानसा, भातसा आमच्या शहापूर तालुक्यात, पण उन्हाळ्यात गावांना टँकर लागतात. एक बादलीसुद्धा मोठी असते.
3. स्पंज काढावा लागला तर त्याच बादलीत बुडवून ठेवा. घाण साफ करणारे उपयोगी जीवाणू त्यात राहतात. क्लोरीनच्या पाण्याने धुतला तर ते मरतात.
4. जुना नोझल हळूहळू पिळत काढा. अडकला तर कोमट पाण्याचा कपडा गुंडाळा. काचेवर किंवा अ‍ॅक्रिलिकवर जोर देऊ नका.
5. नवा बसवा. आटे असतील तर टेफ्लॉन टेपचे दोन-तीन वेढे द्या आणि हातानेच आवळा, पान्हा नको. पीव्हीसीचं सोल्यूशन भरलेल्या टँकमध्ये वापरू नका.
6. तोंड पृष्ठभागाच्या जरा खाली आणि किंचित वर वळवलेलं ठेवा.
7. पाणी भरा. पंप पूर्ण बुडालाय हे बघूनच प्लग लावा, कोरडा चालला तर खराब होतो. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

सगळं काम अर्ध्या तासाचं आहे.

टेस्टिंग

पृष्ठभागावर सगळीकडे हलक्या लाटा दिसल्या पाहिजेत. फोनवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, कुठला कोपरा शांत आहे ते लगेच कळतं. एक साधा अंदाज म्हणजे तासाला टँकच्या चार ते सहा पट पाणी फिरावं. 18 × 10 × 12 इंचाच्या टँकमध्ये काठोकाठ साधारण 35 लिटर मावतं, म्हणजे तासाला 140 ते 210 लिटर. पंपावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, प्रत्यक्षात त्यापेक्षा कमीच मिळतं.

आणि लाइट गेली तर?

नोझल कितीही चांगला असला तरी विजेविना उपयोग नाही. यूएसबीवर चालणारा छोटा एअर पंप घेऊन ठेवा, पॉवर बँकेवर तो चालतो. पण काही पॉवर बँक कमी करंट ओढला तर आपोआप बंद होतात, त्यामुळे आधीच तासभर लावून बघा. काहीच नसेल तर मग्याने पाणी घेऊन थोड्या उंचीवरून परत सोडत राहा. त्या दिवशी पार्ट येईपर्यंत भाच्याने तेच केलं. सगळे गप्पी वाचले.