वयाची सीमारेषा

निपाणीकरांना सीमारेषेचे नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हे गाव म्हैसूर राज्यात गेले. शेजारच्या अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय मात्र महाराष्ट्रात. संगणकाच्या पडद्यावरील वसाहतींनाही अशा रेषा असतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘लिंडन लॅब’ने २००३ मध्ये ‘सेकंड लाइफ’ हे आभासी जग खुले केले आणि २००५ मध्ये १३ ते १७ वर्षांच्या मुलामुलींसाठी ‘टीन सेकंड लाइफ’ निराळे वसविले. मुले तेथे घरे बांधीत, वस्तू घडवून लिंडन डॉलरात विकीत. खेळच म्हणा, पण पदरमोडीचा हिशेब त्यात होता! वस्ती मुलांची, निर्णय कंपनीचा. २०१० च्या अखेरीस ते जग मिटले. सोळा-सतरा वर्षांची मुले प्रौढांच्या जगात गेली. धाकट्यांना केवळ संस्थांच्या बंदिस्त बेटांवर प्रवेश उरला.