ताम्रपट, वंशावळ आणि कन्स्ट्रक्टर

१/ १९३९ साली वाशीम येथे वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला. वत्सगुल्म, म्हणजेच आजच्या वाशीमहून, राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या ३७ व्या राज्यवर्षी दिलेले हे ग्रामदान. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात.

२/ राजाच्या नावाआधी येतात आजोबा पहिला प्रवरसेन व त्याचे यज्ञ, मग पिता सर्वसेन. पूर्वज उभे राहिल्यावरच वंशज दान देतो. संगणकाच्या भाषांचा या पटाशी संबंध नाही. परंतु वारशाचा हाच क्रम त्यांनाही ठरवावा लागला.

३/ मे १९६७. ऑस्लोजवळच्या परिषदेत ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन न्युगार्ड यांनी क्लास व सबक्लास यांची कल्पना मांडली. त्यांच्या सिम्युला ६७ मध्ये ऑब्जेक्ट जन्मताना आधी मूळ क्लासमधील सूचना चालत, नंतर सबक्लासमधील.

४/ सिम्युला वापरलेल्या ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी १९७९ पासून बेल लॅब्जमध्ये सी भाषेला क्लासची जोड दिली. तीच पुढे सी प्लस प्लस झाली. ऑब्जेक्टची पहिली मांडणी करणारे कार्य म्हणजे कन्स्ट्रक्टर. तेथेही बेस क्लासचा कन्स्ट्रक्टर आधी, डिराइव्ड क्लासचा नंतर. विसर्जन मात्र उलट क्रमाने.

५/ क्रमाचे कारण काय? ‘राजशासन’ हा बेस क्लास राजा व राज्यवर्ष साठवतो. ‘दानपत्र’ हा डिराइव्ड क्लास त्यात गावाची भर घालतो. राजाची नोंद होण्याआधीच दानपत्राने ती वाचली, तर हाती निरर्थक मूल्य येईल. दाताच नसेल, तर दान कोणाचे?

६/ येथे नवशिका हमखास अडखळतो. गुणधर्म वारशाने मिळतात, कन्स्ट्रक्टर सहसा आपोआप मिळत नाही. प्रत्येक क्लास स्वतःचा कन्स्ट्रक्टर लिहितो आणि बेस क्लासला हवी असलेली मूल्ये त्याच्याकडे पोहोचवतो. ती न दिल्यास कंपायलर प्रोग्राम नाकारतो.

७/ १९९५ च्या जावाने ‘सुपर’ची हाक कन्स्ट्रक्टरच्या पहिल्याच ओळीत सक्तीची केली. २०२५ च्या जावा २५ ने ही अट सैल केली: आलेली मूल्ये आधी तपासता येतात, मात्र बेस क्लासची मांडणी होईपर्यंत अपुरे ऑब्जेक्ट वापरता येत नाही. ओळीचा नियम बदलला, तत्त्व टिकले.

८/ विंध्यशक्तीने आजोबांचे शासन पुन्हा काढले नाही. स्वतःचे काढले, पण आरंभ त्यांच्यापासून केला. कन्स्ट्रक्टरचा वारसाही असाच: कृती स्वतःची, पाया पूर्वजांचा.