बदल्याची राणी आणि विहिरीतले विष

मारी लू या अमेरिकन लेखिकेची 'द रोझ सोसायटी' ही कादंबरी 2015 साली प्रसिद्ध झाली. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिलेल्या एका फँटसी मालिकेचा हा दुसरा भाग. जादू, राजवाडे, जहाजे, गुप्त मंडळे असा सगळा मसाला त्यात आहे. पण तिची नायिका आदेलिना रूढ अर्थाने नायिकाच नाही. ती खोटे बोलते, माणसे मारते, राज्य बळकावते आणि हे सगळे एकाच कारणासाठी करते: बदला. उर्दूत ज्याला आपण इन्तेकाम म्हणतो तो.

मुलांच्या पुस्तकावर इतिहासाचा लेख कशाला, असे कुणी विचारेल. कारण सरळ आहे. ज्या समाजात आदेलिना घडते तो समाज इतिहासात खरोखर होऊन गेला आहे, आणि तिच्यासारखी माणसेही.

कथा अशी. काही वर्षांपूर्वी एका भयंकर तापाची साथ येऊन गेलेली असते. लागण झालेली मोठी माणसे मरतात. काही मुले वाचतात, पण त्यांच्या अंगावर खुणा राहतात. आदेलिनाचा डावा डोळा जातो, केस चंदेरी होतात. अशा मुलांना लोक 'मालफेत्तो' म्हणतात. इटालियन भाषेत 'मालफात्तो' म्हणजे वाईट घडवलेले; हा शब्द त्याच्याच जवळचा. पीक बुडाले, जहाज फुटले, कुणी आजारी पडले की दोष मालफेत्तोंचा. धर्मरक्षक म्हणवणारे शिपाई त्यांना पकडतात, जाळतात. आदेलिनाचा बाप तिला एका व्यापाऱ्याला विकायला निघतो. त्या रात्री तिच्यातली शक्ती जागी होते. ती शक्ती म्हणजे भास निर्माण करणे, आणि तिचे खाद्य म्हणजे भीती आणि संताप. बाप मरतो. पुढे ज्या मंडळाने तिला आसरा दिला, तेही तिला हाकलून देते. दुसरा भाग इथून सुरू होतो. बहिणीला सोबत घेऊन ती आपले स्वतःचे मंडळ उभारते आणि ज्यांनी ज्यांनी छळले त्यांच्यावर चालून जाते.

लेखिकेने हे जग चौदाव्या-पंधराव्या शतकातल्या इटलीच्या धर्तीवर रचले आहे. तिथे 1347 साली काय घडले ते आपल्याला ठाऊक आहे. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये सिसिलीतल्या मेसिना बंदरात जहाजांबरोबर प्लेग उतरला आणि पुढच्या चार-पाच वर्षांत युरोपातली किमान एक तृतीयांश माणसे गेली. रोग कशाने होतो हे कुणालाच कळत नव्हते. कारण कळत नसले की माणूस गुन्हेगार शोधू लागतो. तो सापडला: यहुदी. त्यांनी विहिरींत विष टाकले अशी अफवा उठली. 1348 साली जिनिव्हा सरोवराकाठच्या शियों किल्ल्यात काही यहुद्यांचा छळ करून 'कबुलीजबाब' घेण्यात आले आणि त्यांच्या नकला शहरोशहरी धाडण्यात आल्या.

पोप सहावे क्लेमेंट यांनी त्याच वर्षी फर्मान काढून सांगितले की यहुदीही याच रोगाने मरत आहेत, आणि जिथे एकही यहुदी राहत नाही तिथेही रोग आहेच. इतका साधा युक्तिवाद. तो कुणी ऐकला नाही. 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो यहुद्यांना जिवंत जाळण्यात आले. तेव्हा त्या शहरात प्लेग पोहोचलाही नव्हता! जाळलेल्यांकडून ज्यांनी कर्ज घेतले होते त्यांची कर्जे मात्र माफ झाली, आणि रोकड वाटून घेतली गेली. यहुद्यांचा पैसा हेच त्यांना मारणारे खरे विष होते, असे त्या शहराच्या एका इतिवृत्तकारानेच नोंदवून ठेवले आहे.

याच सुमारास, 1348 च्या उन्हाळ्यात, इब्ने बतूता दमिश्कमध्ये होता. त्याने पाहिलेले दृश्य वेगळे आहे. शहराच्या सुभेदाराने तीन दिवस रोजे ठेवण्याची दवंडी पिटवली. त्यानंतर सगळे शहर अनवाणी पायांनी बाहेर पडले. मुसलमान कुरआन घेऊन, यहुदी तौरात घेऊन, ख्रिस्ती इंजील घेऊन, बायकामुलांसह, रडत, दुआ मागत. त्या चालण्याने प्लेग थांबला नाही. पण त्या दिवशी कुणी कुणाला जाळलेही नाही.

हे वाचून छाती फुगवण्याआधी एक पान पुढे उलटावे. 1438 साली काहिऱ्यात प्लेग आला तेव्हा सुलतान बर्सबायच्या दरबारात चर्चा झाली की ही कोणत्या पापाची शिक्षा. उत्तर निघाले: बायका नटूनथटून रस्त्यावर फिरतात. मग बायकांना घराबाहेर पडायला बंदी झाली. म्हणजे दोषी शोधण्याचा रोग कोणत्या एका कौमचा नाही. ज्याच्या हातात सत्ता असते तो दुबळ्याकडे बोट दाखवतो.

आदेलिना कुठून आली हे इथवर कळते. ती कुठे जाते हे समजायला विसाव्या शतकात यावे लागते.

लिथुआनियातल्या विल्ना शहराजवळच्या पोनारीच्या जंगलात नाझींनी हजारो यहुद्यांना गोळ्या घातल्या. विल्नाच्या वस्तीतून वाचलेल्यांत अब्बा कोव्हनर हा तरुण कवी होता आणि विट्का केंपनर ही तरुणी. विट्काने 1942 साली जर्मन सैन्याची रेल्वेगाडी स्फोटाने उडवली होती. युद्ध संपले तेव्हा त्यांच्यापाशी घर नव्हते, माणसे नव्हती. 1945 साली सुमारे पन्नास जणांचा एक गट जमला. नाव ठेवले 'नकाम'. हिब्रूत याचा अर्थ बदला. आपल्या इन्तेकाम शब्दाचे आणि याचे मूळ एकच, नून-काफ-मीम.

त्यांची योजना वाचताना अंगावर काटा येतो. न्यूरेंबर्गसारख्या जर्मन शहरांच्या पिण्याच्या पाण्यात विष कालवायचे. साठ लाखांच्या बदल्यात साठ लाख. बायका, मुले, म्हातारे, कुणाचा गुन्हा काय हे न पाहता. गटाच्या माणसाने न्यूरेंबर्गच्या पाणीपुरवठ्यात नोकरीही मिळवली होती. सहाशे वर्षांपूर्वी ज्या खोट्या आरोपावरून यहुदी जाळले गेले, नेमके तेच कृत्य त्यांच्यातले काहीजण आता खरोखर करायला निघाले होते.

ते घडले नाही. विष घेऊन येणाऱ्या कोव्हनरला डिसेंबर 1945 मध्ये ब्रिटिशांनी जहाजावर अटक केली आणि विष समुद्रात गेले. एप्रिल 1946 मध्ये गटाने न्यूरेंबर्गजवळच्या छावणीतल्या नाझी कैद्यांच्या सुमारे तीन हजार पावांना आर्सेनिक लावले. दोन हजारांवर कैदी आजारी पडले. कुणी मेल्याची नोंद नाही. उर्दूतला 'नाकाम' हा शब्द वेगळ्या मुळाचा आहे, पण इथे तो आपोआप आठवतो.

विट्का पुढे मानसोपचारतज्ज्ञ झाली आणि मुलांवर उपचार करू लागली. लाखो वाचलेल्यांपैकी बदल्याच्या वाटेला गेलेले हे जेमतेम पन्नास. बाकीच्यांनी साक्षी दिल्या, खटले उभे केले, घरे बांधली. त्यांच्यावर कादंबऱ्या कमी निघतात, पण इतिहास त्यांनीही घडवला.

आदेलिनाचे मात्र सगळे यशस्वी होते. दुसऱ्या भागाच्या अखेरीस ती राणी बनते. पण तोवर तिच्या डोक्यात आवाज घुमू लागलेले असतात, तिचे भास तिच्याच ताब्यात राहत नाहीत, आणि सख्खी बहीणही तिला सोडून जाते. मालफेत्तो म्हणजे राक्षस, असे लोक म्हणत होते. ती सिंहासनावर बसते ती त्यांचे म्हणणे खरे करून.

मी आदेलिनाला झटकन दोषी ठरवू शकत नाही. शिक्षक म्हणून मी 2020 साल पाहिले आहे. टाळेबंदीत तबलिगी जमातीच्या नावाने जो गदारोळ उठला, त्यात आठ-दहा वर्षांच्या मुलांनाही गल्लीत 'कोरोना' म्हणून हाका मारल्या गेल्या. भाजीवाल्यांना मोहल्ल्यांतून हुसकावले गेले. अशा मुलाच्या मनात जो संताप साठतो तो खोटा नसतो, आणि त्याला 'सबर कर' एवढेच सांगून भागत नाही.

त्याला सांगण्यासारखे आणखी एक आहे. 21 ऑगस्ट 2020 रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने जमातशी संबंधित 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथ किंवा संकट आले की सत्ता बळीचा बकरा शोधते आणि या परदेशी लोकांना तसे निवडले गेले असावे, अशा अर्थाचे भाष्य निकालपत्रात आहे. पोप क्लेमेंट यांचे कुणी ऐकले नव्हते. इथे न्यायालयाने ऐकले. कारण कुणीतरी वकीलपत्र दाखल केले, तारखांना हजर राहिले, कागद जपले. या कामाला जादू लागत नाही. चिकाटी लागते, आणि संतापही लागतो, फक्त तो ताब्यात असावा लागतो.

आपल्या मुलामुलींनी आदेलिनाची गोष्ट जरूर वाचावी. तिच्या बाजूने रडावे, तिच्या शत्रूंवर चिडावे. आणि मग ती राणी होते त्या पानावर थोडे थांबून पाहावे की तिच्या शेजारी कोण उरले आहे.