डोक्यावरून गेलेला चेंडू

चेन्नईत मी सकाळी ज्या मातीच्या कोर्टावर खेळतो, तिथं सत्तरीचे एक गृहस्थ मला नेमाने हरवतात. सर्व्हिस कमरेखालून, बॅकहँड नुसता कापलेला, पळणं जवळजवळ नाहीच. मी जोराने मारून नेटकडे धावलो की चेंडू माझ्या डोक्यावरून जातो आणि मागच्या रेषेच्या आत पडतो. एकदा चिडून मी बोलून गेलो, ‘‘याला काय टेनिस म्हणायचं?’’ बोललो मराठीत, पण सूर त्यांना कळलाच असणार. त्यांनी वाकून चेंडू उचलला आणि माझ्याकडे टाकला.

त्या वाक्याने मला बरेच दिवस छळलं. जोर म्हणजेच टेनिस, हे ठरवलं कोणी? म्हणून मागे जाऊन वाचू लागलो, तर विम्बल्डनच्या दुसऱ्याच वर्षी हाच डाव खेळला गेलेला सापडला.

पहिली स्पर्धा 1877 सालची. खेळाडू 22. जिंकला स्पेन्सर गोर. तो मूळचा रॅकेट्स आणि क्रिकेट खेळणारा. बाकीचे मागच्या रेषेवरून सभ्यपणे चेंडू परतवत असताना हा नेटजवळ जाऊन उभा राही आणि टप्पा पडायच्या आत चेंडू मारून मोकळा होई. त्याला ओलांडणं कठीण होतं, आणि त्याचं कारण नेटमध्ये होतं. तेव्हाचं नेट मधोमध 3 फूट 3 इंच आणि खांबांपाशी चक्क 5 फूट उंच होतं. (आज ते खांबांपाशी साडेतीन फूट असतं.) कडेने जोरात मारावं तर चेंडू नेटमध्ये अडके, नाहीतर कोर्टाबाहेर जाई. उरली मधली सखल जागा, आणि तिथं गोर उभा.

पुढच्या वर्षी नेट जेमतेम तीन इंचांनी उतरवलं. गोरला आव्हान द्यायला आला फ्रँक हॅडो. हा सिलोनमधला मळेवाला, रजेवर इंग्लंडला आलेला. टेनिस त्याच्यासाठी सुट्टीतला विरंगुळा. त्याने गोरच्या बाजूने जायचा नादच सोडला आणि चेंडू सरळ त्याच्या डोक्यावरून उचलला. गोर मागे धावे, परत पुढे येई, की पुन्हा तेच. 7-5, 6-1, 9-7. पूर्ण स्पर्धेत हॅडोने एकही सेट गमावला नाही. रजा संपली, तो सिलोनला परतला. 1879 मध्ये विजेतेपद राखायलाही आला नाही. गोरने पुढे लिहिलं की ज्याला क्रिकेटसारखा खेळ नीट येतो, त्याला लॉन टेनिस एकसुरी वाटणारच. हरलेल्या माणसाचं मत म्हणून मी ते वाचलं, आणि मला माझाच आवाज ऐकू आला.

मुळात मी राहतो त्या शहराने तरी मला हे शिकवायला हवं होतं. मद्रासच्या रामनाथन कृष्णन यांची सर्व्हिस मऊच होती. तरी 1960 आणि 1961 अशी लागोपाठ दोन वर्षं ते विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोचले, आणि 1961 मध्ये रॉय इमर्सनला त्यांनी सरळ सेटमध्ये हरवलं. 1966 च्या डेव्हिस कपात, कलकत्त्याच्या साउथ क्लबवर, ब्राझीलच्या टॉमस कॉखविरुद्धच्या निर्णायक सामन्यात ते दोन सेट विरुद्ध एक असे मागे होते, चौथ्यात 2-5. तिथून जिंकले, आणि भारत पहिल्यांदाच अंतिम फेरीत गेला. मुलगा रमेशही वडिलांसारखाच, हलक्या हाताचा. 1989 मध्ये मेलबर्नला त्याने तेव्हाच्या अव्वल मॅट्स विलँडरला घरी पाठवलं.

या सगळ्यांमागची युक्ती साधी आहे, समजायला. समोरून वेग आला तर तो उसना घेऊन चेंडू परतवता येतो. वेगच आला नाही, तर सगळा जोर स्वतःला निर्माण करावा लागतो, आणि आमच्यासारखे हौशी खेळाडू तिथेच चुकतात. ते गृहस्थ गुण जिंकत नाहीत, मी गमावतो, असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलो. पण मला गमवायला लावणारा चेंडू तेच तर पाठवत होते.

गेल्या आठवड्यात त्यांना विचारलं, हा लॉब मला शिकवाल का. ते म्हणाले, ‘‘आधी नेटपासून लांब राहा, सार.’’ मग आम्ही खेळलो. 6-2. अर्थात त्यांच्या बाजूने.